वणीच्या चकरा

खोट्याला पाय नसतात म्हणतात. वणीकडं त्याला पायांची गरजच पडत नाही, त्याला ट्रक मिळतो. वणी-चंद्रपूर रोडच्या फाट्यावर सेवादास राठोडची चहाची टपरी आहे. तिथं सकाळी एखादी गोष्ट सांडली, की दुपारपर्यंत ती कोळशाच्या ढिगावर बसून घुग्घुस गाठते. दोन दिवसांनी परत येते तेव्हा अंगापिंडानं चांगली भरलेली असते. कोळसा वाटेत कमी होतो, गोष्ट वाढते. विचारत मात्र कोणी दोन्हीबद्दल नाही.

उकंडा नगराळे ‘हे खरं नाही’ सांगून सांगून थकला होता. कारण गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या टपरीवरून जो माल सर्वांत जास्त लादला गेला, तो त्याच्याच नावाचा होता.

तरुणपणी उकंडा बॉक्सिंग खेळायचा. खाणीच्या क्लबात तेव्हा एक रिंग होती. फौजेतून आलेले एक सुभेदार तिथं पोरांना शिकवत. जिनिंग फॅक्टरीत रुईच्या गाठी उचलणारा हा लांब हातांचा पोरगा संध्याकाळी तिथं जाई. एकदा नागपूरला मोठ्या मैदानात त्यानं रेल्वेच्या नावाजलेल्या बॉक्सरला आडवं केलं. एवढंच. त्याच्या आधी तो हरला होता आणि नंतरही हरला. नाकाचं हाड वाकडं झालं ते आजही वाकडं आहे. पण ‘एवढंच’ हा शब्द सेवादासच्या तोंडात कधी मावलाच नाही.

"हे जे बुढं बसलं हाये ना बाकड्यावर," त्या सकाळीही सेवादास एका नव्या ड्रायव्हरला सांगत होता, "यानं रुईची गाठ फोडली होती. बुक्कीनं! लोखंडी पट्ट्याईसकट. कापूस असा उडाला, असा उडाला, का तिकडं पांढरकवड्याच्या लोकाईले वाटलं बर्फ पडून राह्यला. भर मे महिन्यात लोकाईनं पेटीतून स्वेटर काढले."

"पट्टी गंजली होती, तुटली," उकंडा बशीतला चहा फुंकत म्हणाला. "मी बाजूले उभा होतो. सगळ्यात पहिले मीच पळालो."

ड्रायव्हर पुढं आला आणि उकंडाच्या पायाला हात लावून म्हणाला, "बाबा, असली पहिलवान असाच राहते. स्वतःच्या तोंडानं सांगत नाई."

उकंडानं बशी खाली ठेवली. हे असं व्हायचं. तो जितकं नाही म्हणे, तितका मोठा होत जाई. गाठ फोडली, डंपर थोपवला, बादलीभर कच्ची अंडी प्याला, ही सगळी कर्तबगारी सेवादासची. नम्रता तेवढी उकंडाची स्वतःची, आणि तिनंच सगळा घात केला होता.

इतकी वर्षं त्याला त्याचं फार काही वाटलं नाही. बुढ्या माणसाच्या नावानं चार लोक हसले, चहा प्याले, कोणाचं काय गेलं? पण या उन्हाळ्यात गेलं होतं. गेलं नव्हतं अजून, जायच्या बेतात होतं.

उर्वशी त्याची नात. बारावी झालेली, आजोबासारख्याच लांब हातांची. वणीच्या एका क्लबात प्रेम सरांकडं बॉक्सिंग शिकत होती. तिचे पहिले हातमोजे उकंडानंच नागपूरहून आणले होते, आणि पोरीच्या जातीला हे कशाला म्हणणाऱ्या भावकीला त्यानंच गप्प बसवलं होतं. महिन्याभरानं नागपूरला राज्याच्या संघासाठी निवड होती. प्रेम सरांनी या आनंदात क्लबाच्या भिंतीवर एक भलं मोठं फ्लेक्स लावलं. उकंडाचा जुना फोटो आणि खाली ठळक अक्षरात: ‘पहाटे उठून अख्ख्या वणी शहराला चकरा मारणारे आमचे प्रेरणास्थान.’

तेव्हापासून पहाटे घराच्या दाराची कडी वाजायला लागली.

उर्वशी संध्याकाळी सरांकडं करायची ते करायचीच. पण त्याच्या आधी, अंधारात, कोणाला न सांगता ती फाट्याजवळच्या घरातून वणीकडं पळत सुटायची, शहराला वळसा घालायची आणि पळत परत यायची. खांद्याला विटा भरलेलं दप्तर. सेवादासच्या एका गोष्टीत उकंडा खांद्यावर गोऱ्हा घेऊन पळत असे. गोऱ्हा मिळेना, म्हणून विटा.

उकंडाच्या लक्षात आलं ते अंगणात. ती दोरीवरच्या उड्या मारत होती आणि तिची डावी टाच जमिनीला टेकत नव्हती. सुभेदारांच्या हाताखाली त्याच्यासोबत एक पोरगा होता, त्याचीही अशीच टेकत नसे. तो कोणाला बोलला नाही. एक दिवस रिंगमध्ये नुसता वळला आणि नडगीचं हाड काडीसारखं मोडलं. मार लागला नव्हता, काही नाही. आयुष्यभर लंगडला.

उकंडानं तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं हाडाचा फोटो काढला आणि सांगितलं, हाडाला केसाएवढी चीर पडायच्या बेतात आहे, दोन आठवडे पळणं बंद, उड्या बंद. नाहीतर नागपूर विसरा. उर्वशी "हो सर" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे कडी वाजली.

उकंडा अंगणातच बसून होता.

"डॉक्टरनं काय सांगतलं तुले?"

"जराक हळू पळते, आबाजी."

"जराकही नाई पळायचं म्हणे तो."

"तुमचा हात मोडला होता तं तुम्ही थांबले होते का? एका हातानं जिंकले ना?"

"कोण म्हणते?"

"सारी वणी म्हणते."

"हात नाई मोडला होता, बोट मुरगळलं होतं. अन् ती लढत मी हरलो."

उर्वशीनं दप्तराचा पट्टा ओढून घट्ट केला. मग खाली बघत, हळू आवाजात म्हणाली, "एक विचारू? पोरगा असतो तं हे म्हटलं असतं का तुम्ही? का म्हटलं असतं, हाण लेका अजून दोन चकरा?"

त्या म्हाताऱ्या नाकावर आयुष्यात ठोसे पुष्कळ बसले होते, पण असा नेमका नाही. ती लंगडत, लंगडत नसल्याचं दाखवत, फाटकातून बाहेर गेली.

उजाडल्यावर उकंडा टपरीवर गेला. गिऱ्हाईक नव्हतं. सेवादासची बायको मानीबाई भज्यांचं पीठ भिजवत होती आणि सेवादास रेडिओची बॅटरी उन्हात ठेवत होता.

"सेवादास, आता बस झालं. उद्यापासून सांग सगळ्याईले, का हे सारं खोटं हाये."

"सांगतो," सेवादास लगेच म्हणाला. "पण कोणी आयकन का? परवाच एकाले म्हटलं, अरे ते अंडे बादलीभर नव्हते, दोनच होते. तं तो म्हणते, काय बात करता, दोन अंड्यावर एवढा जोर! आता हे दोन अंड्याचं पण फिरून राह्यलं."

मानीबाई खळखळून हसली. उकंडा हसला नाही. त्यानं पोरीच्या पायाचं सांगितलं. सेवादासचं तोंड उतरलं.

"हे पाह्य भाऊ," तो म्हणाला, "गाठ माही हाये. डंपर माहा. गोऱ्हा तं मी लय मेहनतीनं बनवला. पण चकरा माह्या नाई. सेवालाल महाराजाची शपथ! चकरा पेपरात आलत्या, नागपूरच्या लढतीनंतर. अन् पेपरवाल्याले तुह्याच बायकोनं सांगतलं."

"रुखमानं?"

"इचार घरी जाऊन."

रुखमाबाई सुपात तूर पाखडत होती. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं विचारायला लागला, तेव्हा तिनं सूप थांबवलंही नाही.

"हाव, मीच सांगतलं. खोटं सांगतलं का? मारतच होते ना तुम्ही चकरा."

"मी कधी पळालो वणीभोवती?"

"पळायचं कोण म्हणते? तो पोट्टा आला पेपरवाला. म्हणे बाई, लढतीच्या आधी तुमचा नवरा काय करे? म्या म्हटलं, काय करन बापा, वणीच्या चकरा मारे. तांबडं फुटाच्या आंधी निघे, दिवे लागल्यावर ये. चपलेचे तळ गेले म्हटलं चकरा मारू मारू. जमीन गेली ना आपली खाणीत? नोकरीच्या कागदासाठी नव्हते जात तुम्ही त्या ऑफिसात? तो म्हणे वा वा, अन् लेहून घेतलं. फोटो मात्र चांगला काढला होता त्यानं माहा."

उकंडा उंबऱ्यावरच बसला.

एका शब्दावर एवढी इमारत! सरकारी दारात चकरा मारणं म्हणजे काय, हे ज्याला कधी माराव्या लागल्या नाहीत त्याला कसं कळणार? पेपरवाल्याला वाटलं चकरा म्हणजे मैदानातल्या. उकंडाला हसू आलं, पण तेही दमलेलं. हसता हसता त्याचे डोळे मिटायला लागले.

"आता झोपू नोका उंबऱ्यात," रुखमाबाई म्हणाली. "जा, पोरीले सांगा."

"माहं नाई आयकत ती. तिले दाखवा लागते."

संध्याकाळी त्यानं उर्वशीला सांगितलं, "उद्या सकाळी माह्यासंग चाल. मी ज्या चकरा मारल्या त्या दाखवतो. खऱ्या." पोरीचं तोंड असं उजळलं की त्याला अपराध्यासारखं वाटलं.

सकाळी ती बूट, ट्रॅकपँट, पाण्याची बाटली घेऊन तयार. उकंडा फाट्यावर जाऊन उभा राहिला आणि त्यानं एसटीला हात केला.

"बसनं?" उर्वशी म्हणाली.

"कधी कधी बसनंही जायचो. खिशात असले तं."

जमिनीच्या ऑफिसला आता नवा रंग होता आणि दारात रांगेसाठी लोखंडी कठडा. बाहेरचं कडुनिंबाचं झाड मात्र तेच. त्याच्याभोवती आता सिमेंटचा पार होता. पूर्वी नुसती मुळं होती. उकंडानं त्या पारावर हात फिरवला आणि बसला. उर्वशी उभीच. कुठं पळायचं, कुठून वळायचं, बघत राहिली.

तेवढ्यात एक बाई ऑफिसातून बाहेर आली. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. तिनं पारावर टेकून पदरानं तोंड पुसलं.

"काय झालं मावशी?" उर्वशीनं विचारलं.

"साहेब नाई म्हणे. सोमवारी या."

"मागच्या सोमवारी आलत्या का?"

"माय, किती चकरा झाल्या ते मोजणंच सोडलं आता," बाई म्हणाली, चपलेतला खडा काढून टाकला आणि बसस्टँडकडं निघून गेली.

उर्वशी त्या शब्दाकडं बघत राहिली, जणू तो बाईच्या मागं जमिनीवर पडला होता.

"याच," उकंडा म्हणाला. "याच चकरा, पोरी. दुसऱ्या नाई."

मग त्यानं सगळं सांगितलं. जमीन कशी गेली, घरातल्या एकाला नोकरी मिळायची होती ती कागदावर कशी अडकली, पेपरवाल्यानं कसं लिहिलं. उर्वशी शेजारी बसली आणि ऐकता ऐकता डावी नडगी चोळत राहिली. उकंडाला वाटलं, बसलं बहुतेक डोक्यात. त्याला हायसं वाटलं.

"म्हणजे घरून इथंपर्यंत चालत यायचे," ती म्हणाली.

"बहुतेक."

"उन्हातान्हात."

"आता ऊन का आपल्या हातात हाये?"

"अन् परतही चालत. वर्षभर."

"वर्षाच्या वर."

उर्वशीचे डोळे चमकले. "आबाजी! मंग हे तं पळण्यापेक्षा कठीण हाये! अन् तुम्ही म्हणता ट्रेनिंग नाई केली!"

उकंडानं निंबाच्या खोडाला डोकं टेकवलं. खोटं खोटं म्हणून मारायला जावं, तर ते खऱ्यालाही गिळून ढेकर देतं. आता उद्यापासून ही वणीपर्यंत भर उन्हात चालत येणार.

"अन् दिवसभर इथं काय करायचे? दंडबैठका?"

"झोपायचो."

"आबाजी!"

"मंग काय करू? ऑफिस उघडे अकराले. साहेब आला तं आला. शिपाई म्हणे बस. मी याच झाडाखाली आडवा व्हायचो. नागपूरच्या लढतीच्या आंधी तं जिनिंगमधली हमालीच सोडली होती, कागद निघते म्हणून. रोज आलो अन् झोपलो, आलो अन् झोपलो..."

बोलता बोलता उकंडा थांबला. हे त्यानं स्वतःही कधी असं एका ओळीत मांडून पाहिलं नव्हतं. त्याच्या आधीच्या सगळ्या लढती तो गाठी उचलून, खांदे सोललेले घेऊन खेळला होता, आणि मार खाऊन आला होता. नागपूरला घंटा वाजली तेव्हा हात आपोआप वर गेले होते, पिसासारखे. रेल्वेवाला त्याला संथ दिसत होता. इतकी वर्षं तो समजत होता की त्या दिवशी नशीब होतं. नशीब नव्हतं. साहेब रजेवर होता.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "मी झोपलो म्हणून जिंकलो."

उर्वशी हसायला लागली. मनापासून, आजोबाच्या दंडावर थाप मारत. "तुम्ही पण ना! मले लेकरू समजता का? झोपून कोणी जिंकते का कधी?" आणि उठली. उठताना डावी टाच टेकली नाही.

बसमध्ये ती खिडकीशी बसून बाहेर बघत होती. उकंडा तिच्याकडं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडं एक खरी, कामाची गोष्ट होती. आणि ती कोणी घ्यायला तयार नव्हतं.

फाट्यावर उतरल्यावर त्यानं तिला घरी पाठवलं आणि स्वतः टपरीत शिरला.

"सेवादास, तुले एक गोष्ट द्याची हाये."

"खरी का खोटी?"

"खरी."

"मंग माह्या काय कामाची?" सेवादास म्हणाला. पण उकंडाचा चेहरा पाहून त्यानं गॅस बारीक केला आणि बाकड्यावर येऊन बसला. उकंडानं निंबाखालच्या झोपेचं सगळं सांगितलं. सेवादास डोळे बारीक करून ऐकत राहिला, जसा सोनार दागिना घेतो हातात.

"माल चांगला हाये," शेवटी तो म्हणाला. "पण कच्चा हाये."

"पक्का कर. उद्या सकाळी ती दूध घ्यायले फाट्यावर येते, तवा सांग. पण तिले नाई. ड्रायव्हरले सांग. ती आयकन."

"जसंच्या तसं सांगू?"

उकंडानं एक लांब श्वास सोडला. "नाई. तुह्या पद्धतीनं सांग."

सेवादासनं पंचेचाळीस वर्षं ज्या परवानगीची वाट पाहिली ती अशी एका वाक्यात मिळाली. तो मानीबाईला म्हणाला, याले कांद्याचे भजे दे.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडी वाजलीच. उर्वशी विटा घेऊन गेली आणि आली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. मग दुधाची कॅन घेऊन फाट्यावर आली तेव्हा टपरीवर दोन ड्रायव्हर आणि एक क्लीनर बसले होते. उकंडा कोपऱ्यात पेपर उघडून बसला होता. उलटा.

"सगळे लोक म्हणते हा पळून जिंकला," सेवादास ओतत्या चहासोबत आवाजही उंचावरून ओतत होता. "पळणं? अबे, पळणं तं दाखवाले होतं! दुसऱ्या पहिलवानाईले फसवाले! खरी गोष्ट सुभेदारानं याच्या कानात सांगतली होती, अन् कोणाले सांगाची नाई म्हणून शपथ घातली. सुभेदार म्हणे, उकंडा, टिपेश्वरच्या जंगलातला वाघ पाह्यला का? शिकारीच्या आंधी तो दौड मारते का? दंड मारते का?"

"नाई," क्लीनर म्हणाला.

"मंग काय करते?"

"झोपते."

"झोपते! आता तू वाघापेक्षा शाहणा का? हा गेला वणीले, एका निंबाखाली आडवा झाला. पहिले पायातली आग निंगाली. मंग कंबर. मंग खांदे. असा घोरे, असा घोरे, का निंबाच्या निंबोळ्या आषाढाच्या आंधीच गळून पडल्या. ऑफिसातला साहेब घाबरून रजा टाकून गेला. अन् जोर कसा जमा होते माहीत हाये का अंगात? दह्यासारखा. रात्री विरजण लावलं, का मंग भांडं हालवाचं नाई. हालवलं का फुटलं. मधात उठून ज्यानं एक जरी चकर मारली, त्याचं पाणी झालं समज."

उर्वशी कॅन धरून तशीच उभी होती. दूधवाला कधीचा निघून गेला होता.

"काका," ती म्हणाली, "किती दिवस झोपा लागते?"

सेवादासनं कोपऱ्याकडं पाहिलं. उलटा पेपर हलला नाही.

"दोन आठवडे," सेवादास गंभीरपणे म्हणाला. "पुरे. पळणं नाई, उड्या नाई. हात चालवाचे तं बसल्या जागी. मंग उठायचं, अन् सरळ रिंगमधे जायचं."

"आबाजीनं मले हे कधी सांगतलं नाई."

"शपथ होती ना, माय!"

उर्वशी वळली आणि आजोबाकडं अशा डोळ्यांनी पाहत राहिली की त्यात राग होता, भक्ती होती आणि थोडं पाणी. उकंडानं पेपर तोंडासमोर आणखी वर धरला. काल निंबाखाली त्यानं अक्षरशः हेच सांगितलं होतं. वाघ तेवढा सांगायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे उकंडा सवयीनं जागा झाला आणि कान देऊन पडून राहिला. कुत्रं भुंकलं. खाणीकडून पाळीचा भोंगा झाला. कडी वाजली नाही. मग आतल्या खोलीतून बारीक, तरुण, एकसुरी घोरणं ऐकू आलं. त्याचे खांदे कुठंतरी सैल झाले.

उन्हं अंगणात आली तरी ती उठली नाही, तेव्हा रुखमाबाई तिला हलवायला निघाली.

"हात नोको लावू," उकंडा म्हणाला. "विरजण लागून राह्यलं."

पुढचे दोन आठवडे त्या घरात पाय न वाजवता चालत. उर्वशी ज्या निष्ठेनं पळत होती त्याच निष्ठेनं झोपली. उठली की खुर्चीत बसून हवेत ठोसे मारी, जेवी आणि पुन्हा आडवी होई. गोष्ट अर्थातच फाट्यावर थांबली नाही. क्लबातली चार पोट्टी सरावाच्या वेळी गादीवर घोरायला लागली. प्रेम सर उकंडाच्या घरी येऊन हात जोडून म्हणाले, "बाबा, हे जरा लढतीच्या आधीपुरतंच आहे असं कोणीतरी त्यांना सांगा." उकंडा म्हणाला, "माहं कोणी आयकत नाई, सर. सेवादासले सांगा."

डॉक्टरनं पुन्हा फोटो काढला, मान हलवली आणि जा म्हणाला.

निघायच्या सकाळी उर्वशी अंगणात आली. आजी-आजोबाला जयभीम केला, पिशवी खाली ठेवली आणि सहज म्हणून बॉक्सिंगचा पवित्रा घेऊन उभी राहिली. उकंडानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलंच नाही. त्यानं टाच पाहिली. पूर्ण, सपाट, निवांत जमिनीवर टेकली होती, जशी भाकर तव्यावर.

"काय पाह्यता आबाजी?"

"काई नाई. जा. बस येईन."

तो तिच्यासोबत फाट्यापर्यंत गेला. नागपूरची गाडी आली, उर्वशी चढली, खिडकीतून हात हलवला. गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली तसा उकंडा टपरीच्या बाकड्यावर येऊन बसला. नागपूरला काय व्हायचं ते होवो. ती धड पायांवर गेली होती. पंधरा दिवस घरातले सगळे झोपले होते, पण त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. रोज पहाटे कडी ऐकत जागाच. आता त्याला फक्त आडवं व्हायचं होतं.

शेजारी एक ट्रक थांबला. आदिलाबादकडचा ड्रायव्हर उतरला, चहा मागितला आणि बाकड्यावरच्या म्हाताऱ्याकडं टक लावून पाहत राहिला. मग जवळ आला, चप्पल काढली.

"बाबा, तुम्हीच ना ते? वणीच्या निंबाखाली सहा महिने झोपले होते म्हणे?"

गॅसजवळ सेवादासनं दोन्ही हात वर केले. हे सहा महिने माझे नाहीत, अशा अर्थानं.

उकंडानं तोंड उघडलं. ‘नाई गा, ऑफिसचं काम होतं’ हे वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. इतक्या वर्षांच्या सवयीचं वाक्य. पण त्याला ती टाच आठवली. आणि खरं म्हणजे तो फार दमला होता.

"आठ," तो डोळे मिटून घेत म्हणाला. "मधात एकदा कूस बदलली होती."